‘द सॅटनिक व्हर्सेस’ : श्रद्धावान मुस्लिम वाचकाला नेमके काय लागते?

निपाणीकर वाचक

निपाणीत आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमून एखाद्या पुस्तकावर बोलतो. पुढच्या बैठकीसाठी सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटनिक व्हर्सेस’ या कादंबरीचा विषय निघाला. तेव्हा आमच्यातले सर्वांत चिकित्सक वाचक, जे मुस्लिम आहेत आणि ज्यांनी आजवर एकाही पुस्तकाला नकार दिलेला नाही, ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही अवश्य बोला, मी त्या दिवशी येणार नाही.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच तो नकार माझ्या मनातून जात नाही. मी कादंबरी वाचली आहे. पैगंबर मुहम्मदांच्या चरित्रावर बेतलेल्या ज्या प्रकरणांवर आक्षेप आहे ती मनाचा तोल ढळलेल्या एका नटाच्या स्वप्नात घडतात. पात्राच्या स्वप्नातील गोष्टीने एखाद्या सुजाण वाचकाला इतके का लागावे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. त्यांनाच विचारावे तर संकोच वाटतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षक, बेळगाव

मी स्वतः मुस्लिम आहे. घरी दखनी बोलत वाढलो, शाळा मराठी माध्यमाची झाली आणि नोकरीत कन्नडही शिकलो. कादंबरी मी वाचली आहे आणि ती वाचताना मला त्रास झाला. तो कशाने झाला, हे शक्य तितके नेमकेपणाने सांगतो.

आधी पैगंबरांशी असलेले नाते समजून घ्यावे लागेल. कुराणाच्या तेहतिसाव्या सूरेतील (अध्यायातील) सहाव्या आयतीचा (वचनाचा) आशय असा आहे की, श्रद्धावंतांना पैगंबर स्वतःच्या जिवापेक्षाही जवळचे आहेत आणि पैगंबरांच्या पत्नी या श्रद्धावंतांच्या माता आहेत. हे आमच्याकडे केवळ पाठांतराचे वाक्य नाही. माझी आई निरक्षर होती. अजानमध्ये पैगंबरांचे नाव आले की ती हातातले काम थांबवून दोन्ही अंगठे ओठांना लावी, मग डोळ्यांना लावी आणि दुरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची प्रार्थना, म्हणे. तिला धर्मशास्त्रातले काहीही विचारले असते तर सांगता आले नसते, पण त्या नावाशी तिचे नाते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी असावे तसे होते. फारसीत एक जुनी उक्ती आहे, ‘बा खुदा दीवाना बाशद, बा मुहम्मद होशियार’. म्हणजे ईश्वराशी हवे तर वेड्यासारखे वागा, पण मुहम्मदांच्या बाबतीत जपून राहा. आमच्या शायरांनी ईश्वराकडे तक्रारी केल्या, त्याच्याशी भांडणे केली आणि लोकांनी ती दाद देत ऐकली, मात्र पैगंबरांबद्दल बोलताना त्याच शायरांनी अदब कधी सोडली नाही.

आता कादंबरीकडे येतो. त्यातील पैगंबरांवर बेतलेल्या पात्राचे नाव ‘महाउंड’ आहे. मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती लेखनात पैगंबरांना खोटा देव किंवा सैतान ठरवण्यासाठी हेच नाव वापरले जाई. शत्रूने दिलेली शिवी अभिमानाने अंगावर घ्यावी म्हणून हे नाव घेतले, असा खुलासा कादंबरीतच आहे. पण ज्याला ती शिवी दिली गेली त्याने ती स्वीकारणे वेगळे आणि दुसऱ्या कोणी त्याच्या नावाने ती स्वीकारणे वेगळे. पुढे एका कुंटणखान्यातील बारा स्त्रिया पैगंबरांच्या पत्नींची नावे धारण करतात. ज्यांना आम्ही ‘उम्महातुल मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांच्या माता म्हणतो, त्यांची नावे तिथे वाचताना मी पुस्तक मिटले होते. त्या स्त्रियांनी ती नावे घेतली आहेत, पत्नींवर थेट आरोप केलेला नाही, हे मला कळत होते. पण आईचे नाव अशा ठिकाणी दिसल्यावर हा भेद मनाला शांत करत नाही.

तिसरी गोष्ट लेखनिकाची. सलमान नावाचा लेखनिक दैवी वचने लिहून घेताना त्यात गुपचूप बदल करतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, असा प्रसंग कादंबरीत आहे. सलमान फारसी हे पैगंबरांचे अत्यंत आदरणीय सोबती होते, हे एक. दुसरे असे की, कुराणाचा शब्दन्‌शब्द जसाच्या तसा जपला गेला आहे, यावर सारी श्रद्धा उभी आहे. आजही आपल्या भागातील मदरशांत दहा-बारा वर्षांची मुले कुराणाचे तीसच्या तीस पारे (भाग) तोंडपाठ करतात, ती याच विश्वासावर.

शीर्षकाचा, म्हणजे ‘सैतानी वचनां’चा, विषय याहून जुना आहे. लात, उज्जा आणि मनात या मक्केतील तीन देवींचा उल्लेख कुराणाच्या त्रेपन्नाव्या सूरेत येतो. त्यांची स्तुती करणारे शब्द सैतानाने पैगंबरांच्या मुखी घातले आणि नंतर ते रद्द झाले, अशी कथा तबरींसारख्या जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. आमच्या परंपरेत तिला ‘गरानीकचा किस्सा’ म्हणतात आणि नंतरच्या बहुसंख्य विद्वानांनी तो अविश्वसनीय ठरवला आहे. म्हणजे या विषयाची चर्चाच करू नये असे आमच्याकडे कधी नव्हते. नुसते गरानीक प्रकरण असते तर मला त्रास झाला नसता, विचार करावा लागला असता. त्रास झाला तो नावामुळे आणि कुंटणखान्यामुळे.

मराठीची प्राध्यापिका, खानापूर

सरांचे म्हणणे मी दोनदा वाचले. माझा एका बाबतीत थोडा मतभेद आहे. ही कादंबरी मुळात स्थलांतरितांची आहे. तिचा मोठा भाग लंडनमध्ये घडतो, आणि ज्याची श्रद्धा गेली आहे पण श्रद्धेची ओढ गेलेली नाही अशा माणसाची तगमग तीत आहे. लेखकाला शंका घेण्याचा आणि ती हव्या त्या रूपात मांडण्याचा अधिकार आहे, असे मी मानते.

मात्र निपाणीकरांच्या स्वप्नाच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवे. कादंबरीतील स्वप्न हा लेखक आणि वाचक यांच्यातील एक करार असतो, आणि कादंबऱ्या वाचण्याची सवय असलेला वाचक तो नकळत मान्य करतो. पण इथे स्वप्नातील तपशील नटाच्या आयुष्यातून आलेले नाहीत, ते थेट पैगंबरचरित्रातून आले आहेत. मक्केऐवजी ‘जाहिलिया’ हे नगर आहे, आणि इस्लामपूर्व अज्ञानकाळाला मुस्लिम परंपरेत हाच शब्द आहे. माणसे, क्रम, प्रसंग ओळखू येतात. चरित्र ज्याच्या रोजच्या प्रार्थनेचा भाग आहे, त्याला स्वप्नाचा पडदा फार विरळ वाटणारच.

आपल्याकडचे उदाहरण दूर शोधायला नको. निपाणीपासून जवळच असलेल्या कागलचे आनंद यादव यांनी तुकोबांवर ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी लिहिली. तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली आणि 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी सोडले. “कादंबरी आहे, चरित्र नव्हे,” हे तेव्हा वारकऱ्यांना पटले नाही. मला ती माघार आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही. तरीही माळकरी असलेले माझे वडील त्या दिवसांत का गप्प गप्प असत, ते मला समजत होते. हे दोन्ही मी एकाच वेळी मनात बाळगू शकते.

वकील, चिकोडी

भावना दुखावणे आणि त्यावरून रक्त सांडणे यांत अंतर ठेवून बोलावे, एवढ्यासाठी लिहितो. भारत सरकारने ऑक्टोबर 1988 मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली या कादंबरीच्या आयातीवर बंदी घातली. 14 फेब्रुवारी 1989 रोजी इराणच्या आयातुल्ला खोमेनी यांनी लेखकाच्या हत्येचा फतवा काढला. त्याच महिन्यात मुंबईत निदर्शकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात बारा जण मरण पावले. 1991 मध्ये जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांची हत्या झाली, आणि 2022 मध्ये लेखकावर भर व्यासपीठावर चाकूहल्ला होऊन त्यांचा एक डोळा गेला. आपल्या कर्नाटकानेही अशी होळी आधीच पाहिली होती. डिसेंबर 1986 मध्ये बेंगळुरूच्या एका इंग्रजी दैनिकात एका मल्याळी कथेचा अनुवाद छापला गेला, तिच्या शीर्षकात पैगंबरांचे नाव होते, आणि त्यावरून उसळलेल्या दंगलीत माणसे मेली.

आयातबंदीची मूळ अधिसूचना कोणालाच सादर करता आली नाही, म्हणून ती अस्तित्वात नाही असे गृहीत धरावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये म्हटले, आणि त्यानंतर पुस्तक दिल्लीत विक्रीला आले. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे 1927 चे कलम 295 अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 म्हणून आहे, तेही केवळ भावना दुखावल्या म्हणून लागू होत नाही. त्यासाठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. त्यामुळे तुमच्या बैठकीला कायद्याची अडचण मला दिसत नाही.

निपाणीकर वाचक

सर्वांचा आभारी आहे. सरांच्या आईंविषयीचे वाक्य वाचल्यावर आमच्या मित्रांचा नकार मला प्रथमच उलगडला. आता प्रश्न असा आहे की, विषय बदलावा का?

निवृत्त शिक्षक, बेळगाव

विषय बदलू नका. बदललात तर त्यांना वाटेल की आपल्यामुळे सगळ्यांचे वाचन अडले, आणि ते ओझे त्यांनी मागितलेले नाही. वकील साहेबांनी लिहिलेल्या हिंसेची लाज माझ्यासारख्या पुष्कळ मुस्लिमांना वाटते, आणि आपल्या दुःखाची गोष्ट काढली की लगेच तिचाच हिशेब मागितला जाईल, या भीतीने आम्ही बोलायचेच टाळतो. तुमचे मित्रही कदाचित म्हणूनच येत नसतील. बैठकीच्या आधी त्यांच्या घरी जा, पुस्तक बरोबर नेऊ नका, आणि त्यांना पैगंबरांविषयी लहानपणी कोणी काय सांगितले होते ते विचारा. साने गुरुजींनी पैगंबरांच्या जीवनावर ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिले आहे. कादंबरीआधी मंडळाने ते वाचले, तर कोणत्या नावापाशी कोण का थबकतो, हे सर्वांनाच कळेल.

निपाणीकर वाचक

साने गुरुजींचे पुस्तक आमच्या वाचनालयात मिळाले. या महिन्याच्या बैठकीला तेच ठेवले आहे आणि कादंबरी पुढच्या महिन्यात घेणार आहोत. काल संध्याकाळी मित्रांकडे जाऊन आलो. त्यांनी आजीने शिकवलेले दुरूद म्हणून दाखवले. या रविवारी येतो म्हणाले. पुढच्या महिन्याचे मी विचारले नाही.