नवं व्हील घ्यायच्या आधी आहे त्या व्हीलमधून सगळं काढलं का?

विजापूररोडकर

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला दिवाळीच्या बोनसमधून डायरेक्ट ड्राइव्ह व्हील घेतलं, म्हणजे थेट मोटरलाच जोडलेलं स्टिअरिंग. जानेवारीत इथं सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा ते विकायला काढलं होतं. का, तर म्हणे, "टायमिंग तेवढंच येतंय दादा, आणि मनगटं दुखायलीत." मी त्याच्या घरी जाऊन बसलो. मॉनिटर भिंतीला टेकवलेला, सेटिंग सगळी खेळानं दिली तीच, आणि रोज नवी गाडी, नवा ट्रॅक. व्हीलचा काहीच दोष नव्हता.

मी चार वर्षं असेटो कोर्सा हा शर्यतीचा खेळ चालवतोय, तेही जुन्या व्हीलवर, ज्यात मोटरचा जोर आतल्या गिअरमधून हाताला येतो. माझं ठाम मत आहे की पहिलं वर्षभर पैसे खर्च करूच नयेत.

मॉनिटरचंच घ्या. २४ इंची स्क्रीन साधारण ३० सेंमी उंच असते. ती डोळ्यांपासून ७० सेंमीवर असेल तर उभ्यात फक्त २४ अंश व्यापते, आणि असेटो कोर्सामध्ये एफओव्ही (स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दाखवायचं तो आकडा) उभ्यातच मोजतात. तिथं ५५-६० ठेवलं की आजूबाजूचं भरपूर दिसतं, पण वळण आहे त्यापेक्षा लांब वाटतं. मग इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या लांब सरळ पट्टीनंतर पहिल्या शिकेनला (वेग तोडायला घातलेल्या नागमोडी वळणाला) माणूस कधी दहा मीटर आधी ब्रेक मारतो, कधी वीस मीटर उशिरा. स्क्रीन व्हीलच्या मागे सरकवून ५० सेंमीवर आणा, तेच माप ३३ अंश होतं. पहिले दोन दिवस गुदमरल्यासारखं होतं, पण तिसऱ्या दिवसापासून ब्रेकची जागा डोळ्यांना आपोआप सापडते.

मग फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला देते तो जोर. खेळात पेडल्स नावाचं छोटं ॲप आहे, त्यात एक करडी पट्टी असते. ती लाल झाली की मोटर तिच्या ताकदीच्या टोकाला पोचली. त्यापुढं टायर घसरतोय की कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चढतोय, हाताला सगळं सारखंच लागतं. लोक गेन (त्या जोराचं प्रमाण) वाढवतात आणि म्हणतात व्हील मुकं आहे! गेन इतका उतरवा की लांब वेगवान वळणातही पट्टी लाल होऊ नये. कर्ब इफेक्ट, रोड इफेक्ट शून्यावर ठेवा. ते वरून घातलेले हादरे असतात, टायरचं त्यातून काही कळत नाही.

आणि महिनाभर एकच गाडी, एकच ट्रॅक. मी लोटस एलिस ही गाडी आणि इटलीतला माज्योने ट्रॅक धरला होता. अडीच किलोमीटरचा ट्रॅक, चुकलेलं वळण दीड मिनिटाच्या आत परत समोर येतं. एलिसला हवेच्या जोरानं गाडी खाली दाबणारे मोठे पंख नाहीत, त्यामुळे गाडी धरून ठेवायचं काम टायरवर आणि आपल्या पायावर येतं. पुढच्या टायरवर वजन कधी येतं, कधी निघून जातं, हे मला तिथं समजलं.

कुणाला पटत नसेल तर सांगा.

सातरस्ता

मला पटत नाही, निदान ब्रेकच्या बाबतीत तरी.

तुमच्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असणार. ते पाय किती *सरकला* ते मोजतं. लोड सेल पाय किती *दाबला* ते मोजतं. आपल्या पायाला अंतर नीट लक्षात राहत नाही, दाब राहतो. दोन वर्षं मी तुमच्यासारखाच हट्ट धरून बसलो होतो, एफओव्ही मोजून झालं, गेन उतरवून झाला, एकच गाडी चालवून झाली. तरी दहा लॅपमध्ये चांगली आणि वाईट यांत दोन सेकंदांचा फरक राहायचा. लोड सेल घेतल्यावर तीन आठवड्यांत तो अर्ध्या सेकंदावर आला. सर्वांत वेगवान लॅप फारशी बदलली नाही, खरंय. पण शर्यत एका लॅपवर जिंकत नाहीत.

ट्रेल ब्रेकिंग तर जुन्या पेडलवर शिकताच आलं नसतं मला. वळणात शिरताना ब्रेक ऐंशी टक्क्यांवरून हळूहळू सोडत आणायचा असतो, म्हणजे पुढच्या टायरवर वजन राहतं आणि गाडी आत वळते. सोडण्याचा तो वेग पायाला दाबावरच कळतो. सगळे व्हील आधी घेतात, पेडल नंतर. क्रम उलटा हवा.

टॉवेलनगरी

सातरस्ता दादा, विजापूररोडकर दादा, तुम्ही दोघंही व्हील आहे असंच धरून चाललात. मी पूर्व भागात दोन खोल्यांच्या घरात राहते. व्हील लावायला टेबल नाही, खुर्ची मागे सरकू नये म्हणून अडवायला भिंत नाही. मी गेमपॅडवर (दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवर) खेळते आणि मला शर्यतीतलं सगळं मिळतं. स्टिअरिंगचा स्पीड आणि डेडझोन (काडी किती हलेपर्यंत गाडीनं दाद द्यायची नाही) हे दोन आकडे नीट बसवले की अंगठ्यानं गाडी सरळ धरता येते. ट्रिगर अर्धा दाबायची सवय लागायला मला दोन महिने लागले.

एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाक घसरू न देणारं) चालू ठेवलं की मुलं नावं ठेवतात, ते मला लागतं. जीटी३ या स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतींच्या वर्गातल्या खऱ्या गाड्यांत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही असतात. ते बंद करून चालवणं म्हणजेच खोटी गाडी चालवणं आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला आणि २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, तिथं बंद ठेवा ना. गाडीत जे असतं ते वापरावं.

आणि तुमचा ३३ अंशांचा हट्ट एकट्यानं लॅप मारताना ठीक. ऑनलाइन वीस गाड्यांत शेजारचा दिसतच नाही. माझ्यामुळे दुसऱ्याची शर्यत गेली तर मला रात्री झोप लागत नाही. मी ४५ ठेवते. ब्रेकची जागा १०० मीटरच्या पाटीवरून धरते, अंदाजावर नाही.

थंडपेटी

मी नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. वरचं सगळं बरोबर असेल, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढं जातो त्याचं काय? कॅबिनेटमध्ये सहा महिन्यांची धूळ, पंखा गुदमरलेला, प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. खेळ सुरुवातीला छान पळतो आणि वीस मिनिटांनी नेमका शर्यतीच्या मध्यावर अडखळतो. लोक ग्राफिक्स कार्ड बदलायला येतात, मी ब्लोअर मारून परत पाठवतो. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० चित्रं) एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. एफपीएस मधेच निम्म्यावर आला तर हातात कितीही महाग व्हील असू द्या, गाडी चुकीच्या जागी वळणार. कॉम्प्युटर स्वतः चालवतो त्या विरोधी गाड्या २० वरून १२ करून बघा. त्यांचा भार प्रोसेसरवर येतो, कार्डावर नाही.

दुसरं, इन्व्हर्टरच्या मागे बटण असतं, ते यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर लाइट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत पीसी बंद पडू शकतो.

जुना गिअर

मी बत्तीस वर्षं पुणे-हैदराबाद हायवेवर ट्रक चालवला. नातू खेळतो म्हणून मी पण बसतो. पोरांनो, तुम्ही डोळ्याचं, हाताचं, पायाचं बोलला. पाठीचं कुणीच बोललं नाही. गाडी मागून सुटायला लागली की आधी कमरेला कळतं, मग डोळ्याला. खेळात कमरेला काहीच कळत नाही. डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लय पैसे घातले तरी खुर्ची जागची हलत नाही. म्हणून मला वाटतं, याला खेळ म्हणून खेळावं. गाडी चालवायला यातून शिकलो असं म्हणू नये.

सातरस्ता

काका, मान राखून बोलतो. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश मुलगा २०११ मध्ये ग्रान तुरिस्मो या शर्यतीच्या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवत होता. काहीतरी तर शिकला असणार ना खेळातून?

जुना गिअर

असेल बाळा. पण निवडल्यावर त्याला थेट ल मांला पाठवलं का? मधे खऱ्या गाडीत बसवून शिकवलंच असणार. तेच तर म्हणतोय मी. खेळानं तो दारापर्यंत गेला, आतलं खऱ्या गाडीनं शिकवलं.

एक मात्र खरं. नातवाला सांगत होतो, वळणात बॉनेटकडं बघू नको, वळण जिथं संपतं तिकडं बघ. रस्त्यावर दोन वर्षं सांगून नवीन क्लीनरला जमत नाही. या पोराला खेळात चार दिवसांत जमलं, कारण चुकलं तरी कुणी मरत नाही.

विजापूररोडकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

टॉवेलनगरी ताई, एबीएसचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीच पूर्वी नवीन मुलांना "आधी सगळं बंद कर" सांगायचो. ते चुकलं. एफओव्हीवर मात्र मी मागं हटणार नाही. शेजारची गाडी बघायला एफओव्ही वाढवायची गरज नाही. डावीकडं-उजवीकडं बघायची बटणं लावा, व्हर्च्युअल आरसा चालू करा, आणि क्रू चीफ हे फुकटचं ॲप टाका. गाडी शेजारी आली की ते कानात सांगतं. इंग्रजीत बोलतं, पण डावं-उजवं एवढंच लक्षात ठेवायचं आहे.

काका, कमरेचं तुमचं वाचून मी रात्री मुद्दाम मोंझाला लेस्मोच्या दुसऱ्या वळणावर लक्ष ठेवून वीस लॅप मारल्या. मागचं टायर सुटताना मला आधी हातात कळतं, व्हील अचानक हलकं पडतं. पण हे फक्त पट्टी लाल नसते तेव्हाच. म्हणजे तुमच्या कमरेचं काम इथं मनगट करतं, आणि गेन चढवून आपण तेच बधिर करतो. गल्लीतल्या पोराची मनगटं का दुखत होती तेही यातच आलं.

सातरस्ता, तुमचा मुद्दा मला अजून टोचतोय. माझ्या दहा लॅपमधला फरक काल मोजला. एक पूर्णांक आठ सेकंद. मी ब्रेक पेडलच्या मागे टेनिसचा अर्धा कापलेला बॉल बसवलाय, त्यानं पेडल कडक झालं. पण तो दाब मोजत नाही, फक्त दाबाचा भास देतो, हे मान्य करावं लागेल. तरीही पहिल्या दिवशी लोड सेल घ्यावा, हे मला पटत नाही. पायाला काय शोधायचं तेच माहीत नसेल तर तो काय मोजणार? तुम्हालाही आधीची दोन वर्षं घालवल्यावरच कळलं की चूक पायात आहे.

सातरस्ता

ती दोन वर्षं वाचली असती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणणं आहे माझं. असं करू. माझं पेडल सुटं आहे, यूएसबीवर चालतं. ते घेऊन तुमच्याकडं येतो. तीच एलिस, तेच माज्योने, आधी तुमच्या बॉलवाल्या पेडलवर दहा लॅप, मग माझ्यावर दहा. गल्लीतल्या त्या पोरालाही बसवा, आणि व्हील विकायचं तेवढं थांबव म्हणावं.

विजापूररोडकर

या. रविवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, सकाळी भरून होतं. दहानंतर या. काका, नातवाला घेऊन तुम्हीही या. टॉवेलनगरी ताई, गेमपॅड आणा, टायमिंग एकाच वहीत लिहू.

टॉवेलनगरी

येते. एबीएस चालू ठेवून.

विजापूररोडकर

त्या एलिसमध्ये असेल तेवढंच.