धागा: अमेरिकेतली जुनी स्पॅनिश मिशन्स, तुम्ही काय पाहिलंत?

लेक चौथीत आहे. कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, आणि त्यात १७६९ ते १८२३ दरम्यान स्पॅनिश पाद्र्यांनी उभारलेली २१ मिशन्स, म्हणजे आदिवासींना ख्रिस्ती करून ठेवायच्या चर्चभोवतीच्या वसाहती. पुठ्ठ्याची प्रतिकृती करायच्या आधी खरं मिशन दाखवावं म्हणून सॅन हुआन बाउतिस्ताला गेलो. तिथल्या चर्चच्या फरशीत प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. ओल्या मातीवरून कुठलंसं जनावर चालत गेलं आणि लाद्या तशाच भाजल्या गेल्या. लेक उकिडवी बसून एकेका ठशात बोट घालत होती. बाहेर भिंतीला लागूनच कब्रस्तान. चार हजारांहून जास्त आदिवासी तिथे पुरलेत. "आई, ह्यांची नावं कुठेत?" नावांच्या पाट्याच नाहीत. बाप्तिस्मा झाला की मिशन सोडून जायची मुभा नसे, पळालेल्यांना धरून आणून फटके देत, गोवर आला की माणसं पटापट जात. किती सांगावं, कळेना. तुमचे अनुभव लिहा ना.

सॅन फ्रान्सिस्कोहून
मिशन डोलोरेसला गेलात तर आधी वर बघा. छतावरची रंगीत नक्षी इथल्या ओलोनी आदिवासींची आहे. वेदीपेक्षा मला तीच जास्त आवडली.

आयर्व्हाइनहून, मूळ वसई
सॅन हुआन कॅपिस्ट्रानोचं दगडी चर्च बघताना घशात आवंढा आला. ८ डिसेंबर १८१२ ला प्रार्थना चालू असताना भूकंप झाला, चाळीसेक माणसं गाडली गेली. बांधून जेमतेम सहा वर्षं झाली होती. आमच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्च बघतच मी वाढलो. पण ती माणसांनी सोडून दिलेली, हे माणसांवर कोसळलेलं.

सॅन अँटोनियोहून (टेक्सास), मूळ धुळे
इथलं एस्पाडा मिशन बघाच, आणि त्याहून त्याचा पाट बघा. १७४० च्या सुमारास ओढ्यावर दगडी कमानी बांधून पाणी पलीकडे नेलंय. राबले ते इथलेच आदिवासी. आजही पाणी वाहतं! वडील पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे सामाईक पाटाच्या शेतीत, पाणी धरायचे. ते इथे आले तेव्हा चर्चमध्ये पाच मिनिटं थांबले आणि पाटाकाठी तासभर. उतार कसा काढला असेल, एवढंच विचारत होते.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचून दाखवलं. लेकीनं प्रतिकृतीत कब्रस्तानही केलं. माणसागणिक मोहरीचा एक दाणा चिकटवत होती. साडेतीनशेपर्यंत पोचली, आणि पुठ्ठा संपला.