गोळीचे फुलणे आणि टिकलेले वजन: तुलना कशी करावी?

धागाकर्ता:
मोठ्या हरणाच्या परवानाधारक शिकारीसाठी .३०८ (सुमारे ७.८ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणाऱ्या) रायफलची गोळी निवडायची असल्याने मी १८० ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) तीन गोळ्या ५० मीटरवरून भिजवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांत झाडून पाहिल्या. तांब्याचे आवरण आणि शिशाचा गाभा असलेली साधी गोळी आदळून १६ मिलिमीटर व्यासापर्यंत फुलली, परंतु तिचे वजन १०१ ग्रेनच उरले. आत आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी १२१ ग्रेनची निघाली, तर अखंड तांब्याची गोळी चारही पाकळ्या मागे वळूनही १७८ ग्रेनची राहिली. तांबेच सरस समजावे काय? माझे नेम बहुधा २५० ते ३०० मीटरवरचे असतात.

पहिला प्रतिसाद:
केवळ टिकलेल्या वजनाच्या टक्केवारीवरून निकाल देऊ नये, असे माझे मत आहे. पार्टिशन गोळीचा पुढचा भाग झिजून जावा आणि भिंतीमागचा भाग शाबूत राहून खोल शिरावा, अशीच तिची रचना असल्याने तिचे एक-तृतीयांश वजन जाणे हा दोष मानता येत नाही. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात ती घडवली, तेव्हापासून तिचे काम असेच चालते. साध्या गोळीत मात्र गाभा आवरणातून सुटला का, हे अवश्य पाहावे, कारण दोन्ही तुकडे एकत्र तोलले तर आकडा बरा दिसतो आणि खरी उणीव झाकली जाते. गाभा आवरणाला जोडलेली, म्हणजे बॉंडेड गोळी, नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते.

तांब्याच्या गोळीबाबत खरा प्रश्न वेगाचा आहे. तिच्या टोकाच्या पोकळीत शिरणाऱ्या द्रवाच्या दाबाने पाकळ्या उघडतात. वेग साधारण ५५० ते ६०० मीटर प्रतिसेकंदाच्या खाली आला की बऱ्याच तांब्याच्या गोळ्या पुरेशा उघडत नाहीत, आणि मग वजन शंभर टक्के टिकूनही जखम सुईने टोचल्यासारखी अरुंद होते. १८० ग्रेनची गोळी ३०० मीटरपर्यंत या मर्यादेच्या बरीच जवळ येते. तांबेच हवे असल्यास १५० किंवा १६५ ग्रेनची गोळी घ्यावी: तिचा आरंभीचा वेग अधिक असतो, शिवाय तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीच्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या आतील खाचांना) ती स्थिर ठेवणे जड जाते.

दुसरा प्रतिसाद:
ओली रद्दी खरखरीत असल्याने ती शिसे अधिक खरवडते, म्हणून साध्या गोळीच्या टिकलेल्या वजनाचे आकडे जेलॅटीनमधील (मांसासारख्या मऊ चाचणी-माध्यमातील) आकड्यांपेक्षा कमीच येतात. तिन्ही गोळ्या एकाच माध्यमात झाडल्या, हे योग्यच केलेत. वजनापूर्वी त्या धुऊन वाळवल्या होत्या काय? दुमडलेल्या आवरणात लगदा अडकून राहतो. आणखी एक गोष्ट, जिचा विचार फारसा होत नाही: अतिवेगात पाकळ्या तुटल्या तर वजन घटते, पण समोरचा पसारा कमी झाल्याने उरलेली गोळी उलट अधिक खोल जाते. म्हणून प्रत्येक वजनाशेजारी खोली आणि फुललेला व्यास लिहावा.

धागाकर्ता:
लगदा सुईने काढून वाळवल्यावर पार्टिशन गोळी १२१ ऐवजी ११८ ग्रेन भरली. आता १६५ ग्रेनची तांब्याची आणि १८० ग्रेनची बॉंडेड, अशा दोनच गोळ्या प्रत्यक्ष ३०० मीटरवरून झाडून पाहीन आणि खोलीसह आकडे येथेच देईन.