उत्तर: १०८ पीसचा बॉक्स की सुटे पाने
घरी बाईकच्या कामाला हत्यारांचा १०८ पीसचा बॉक्स घेऊ का टपारिया कंपनीचे सुटे पाने असं वर विचारलंय ना, तर डोळे झाकून सुटे घ्या. त्या डब्यात निम्मे नुसते बिट्स (स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं) असतात आकडा फुगवायला, आणि बाईकला फिरून फिरून लागतात ८, १०, १२, १४, १७ एमएम हेच. टपारिया आपल्या नाशिकची, सातपूरला कारखाना, रिंग पाने क्रोम व्हॅनेडियमचे, फिनिश काही जर्मन हत्यारांसारखं नाय पण नटवर बसतात घट्ट, आपल्याला त्याच्याशी मतलब.

सॉकेट (नटवर टोपीसारखा बसतो तो पाना) मात्र १२ कोनी नको, ६ कोनीच बघा. बारा कोनी कोपऱ्याजवळ जोर देतो, गंजलेला नट असला की कोपरे गेलेच समजा, मग बसा छिन्नी घेऊन.

स्क्रू ड्रायव्हरवर कुणी बोललंच नाही! जुन्या जपानी बाईकच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू जेआयएसचे, म्हणजे जपानी मापाच्या फुलीचे असतात, बऱ्याचदा डोक्यावर बारीक ठिपका दिसतो, त्यात साधा फिलिप्स (नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर) घातला की तो वर उचलला जातो अन् स्क्रूची वाट लागते. तिथे व्हेसल कंपनीचा जपानी ड्रायव्हर घ्या, पैसे वसूल.

आणि ते स्नॅप-ऑन या अमेरिकन कंपनीची हत्यारं घ्या म्हणणारे दादा, माल एक नंबर, वादच नाही, पण अमेरिकेत त्यांची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, तुटलं तर तिथेच बदलून मिळतं, त्या सर्व्हिसचेच तर पैसे. रविवारी चेन टाईट करणाऱ्याला कशाला हवंय ते? तेवढीच हौस असेल तर क्निपेक्स या जर्मन कंपनीचा प्लायर्स रेंच (पकडीसारखा, माप बदलता येणारा पाना) घ्या, जबडे समांतर सरकतात, क्रोमच्या नटला ओरखडा पण नाही येत.