आई-वडिलांचे पहिले मतदान आणि असेंब्ली सदस्यांचे पत्रक : काही शंका (न्यू जर्सी)

मेट्रोपार्कचा प्रवासी

नमस्कार. आम्ही मिडलसेक्स काउंटीत, एडिसनला राहतो. मूळच्या पुण्याच्या माझ्या आई-वडिलांची अमेरिकी नागरिकत्वाची शपथ यंदा झाली असून येत्या नोव्हेंबरमध्ये ते दोघे इथे पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. मागच्या आठवड्यात आमच्या भागातील राज्य असेंब्लीच्या (इथल्या विधानसभेच्या) सदस्यांचे चार पानी पत्रक टपालाने आले. त्यात मतदानाच्या सोयी आणि ज्येष्ठांसाठीच्या योजना यांची माहिती आहे. वडिलांनी ते दोनदा वाचून पेन्सिलीने खुणा केल्या आणि माझ्यापुढे ठेवले. त्यांपैकी तीन खुणांची उत्तरे मला देता आली नाहीत.

पहिली शंका वडिलांची. शपथविधीनंतर मतदार नोंदणीचा अर्ज भरताना त्यांनी पुढील सर्व निवडणुकांसाठी टपालाने मतपत्रिका मागवण्याच्या चौकोनातही खूण केली. आता ते म्हणतात, मत द्यायचे तर रांगेत उभे राहूनच. घरी येणारी मतपत्रिका बाजूला ठेवून ते सरळ केंद्रावर गेले तर चालेल का? दुसरी शंका आईची. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पत्रकात गुजराती मतपत्रिकेचा उल्लेख आहे, मराठीचा नाही. मला तिच्यासोबत आत जाता येईल का? तिसरी शंका योजनांची : दोघेही पासष्टीच्या पुढचे असून माझ्या घरी राहतात, तर त्यांना नेमके काय लागू होते?

सहाच्या आधी हजर

मी गेली काही वर्षे मतदान केंद्रावर काम करते आहे आणि आपल्या वडिलांच्या शंकेसारखा घोटाळा मी दर निवडणुकीत पाहते. ज्याने टपाली मतपत्रिका मागवली आहे, त्याला न्यू जर्सीत केंद्रावरच्या यंत्रावर मत देता येत नाही, मग ती पत्रिका घरी कोरी पडलेली असो वा आलेलीच नसो. अशा मतदाराला आम्ही प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती मतपत्रिका देतो. त्याची टपाली पत्रिका काउंटीकडे पोहोचलेली नाही याची खातरजमा झाल्यावर ते मत मोजले जाते, त्यामुळे मत वाया जात नाही. पण ज्याला यंत्रासमोर उभे राहायचे होते, त्याच्या हाती लिफाफा पडतो आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. आपल्या वडिलांनी आताच काउंटी क्लार्ककडे टपाली मतदान बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा, म्हणजे हा प्रसंगच येणार नाही.

दुसरे असे की, भरलेली टपाली पत्रिका घेऊन मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊ नये, कारण ती आम्हाला स्वीकारता येत नाही. ती ड्रॉप बॉक्समध्ये (मतपत्रिका टाकण्याच्या सरकारी पेटीत) किंवा काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे रात्री आठच्या आत पोहोचवावी लागते. टपालाने पाठवायची झाली तर त्यावर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का असावा आणि नंतरच्या सहा दिवसांत ती पोहोचावी.

रांगेची हौस असेल तर २०२१ पासून नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी नऊ दिवस यंत्रावर आगाऊ मतदान करता येते, तेही काउंटीतल्या कोणत्याही आगाऊ मतदान केंद्रावर. रविवारी दुपारी जावे. रांग मात्र फारशी मिळणार नाही, एवढे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

शिरोरेखा

आईंच्या शंकेबद्दल. अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ नुसार अंधत्व, अपंगत्व किंवा लिहिता-वाचता न येणे या कारणांनी ज्याला मदत लागते, तो आपल्या पसंतीची व्यक्ती मदतीसाठी आत नेऊ शकतो. ही व्यक्ती मतदाराचा मालक, मालकाचा प्रतिनिधी किंवा त्याच्या कामगार संघटनेची पदाधिकारी नसावी, एवढीच अट आहे. इंग्रजी मतपत्रिका वाचता न येणाऱ्यांनाही या तरतुदीचा आधार मिळतो. तेव्हा आपण जरूर सोबत जावे. केंद्रावर कोणी हरकत घेतली तर आवाज न चढवता या कलमाचा आकडा सांगावा.

गुजरातीचे कारण असे की, त्याच कायद्याच्या कलम २०३ नुसार कोणत्या काउंटीत कोणत्या भाषागटासाठी सोय करायची ते जनगणना विभाग ठरवतो आणि त्यात भारतीयांचा ‘एशियन इंडियन’ हा एकच गट आहे. मराठी, तेलुगू, पंजाबी, तमिळ सगळे त्याच पोतडीत. या गटातली कोणती भाषा छापायची ते स्थानिक पातळीवर ठरते. आपल्या काउंटीत गुजराती, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी. शिकागोला राहणाऱ्या माझ्या मावशींना देवनागरी मतपत्रिका पाहून फार आनंद झाला होता. माझ्या सासूबाई मुलुंडच्या असल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरून गुजराती वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी इथली पत्रिका हातात घेऊन एकेक अक्षर जुळवत उमेदवारांची नावे वाचली, पण खालच्या सार्वजनिक प्रश्नापाशी (ज्यावर मतदारांचा हो-नाही कौल घेतात) अडकल्या. अर्धे पान भरणारे वाक्य इंग्रजीतही समजायला कठीणच असते. त्यामुळे नमुना मतपत्रिका घरी आल्यावर एका संध्याकाळी आईंसोबत बसून तो मजकूर मराठीत समजावून सांगा. ते काम केंद्रावर घाईने होत नाही.

निवृत्त हिशेबनीस

योजनांबद्दल पत्रकांत सगळे एका दमात सांगितलेले असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘अँकर’ ही मालमत्ता कराची सवलत घरमालकाला किंवा भाडेकरूला मिळते. पासष्टीपुढच्या घरमालकाला उत्पन्नानुसार कमाल १,७५० डॉलर आणि भाडेकरूला ७०० डॉलर असे तिचे आकडे आहेत. आपले आई-वडील मुलाच्या घरी राहतात, घर त्यांच्या नावावर नाही आणि ते भाडेही देत नाहीत, म्हणून ती त्यांना लागू होत नाही. ‘सीनियर फ्रीझ’ आणि ‘स्टे एनजे’ या ज्येष्ठ घरमालकांच्या मालमत्ता कराच्या सवलतींचेही तेच. आपण स्वतः घरमालक या नात्याने अँकरसाठी पात्र आहात का, हे मात्र पाहा.

त्यांच्या कामाची गोष्ट म्हणजे ‘पॅड’, ही पासष्टीपुढच्यांसाठी औषधांच्या खर्चाची राज्य योजना. उत्पन्न मर्यादेत असेल तर जेनेरिक औषधाला ५ आणि ब्रँडच्या औषधाला ७ डॉलर भरावे लागतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, तेव्हा हा फरक वर्षाअखेरीस चांगलाच जाणवतो.

अर्ज अडला तर असेंब्ली सदस्यांच्या कार्यालयात फोन करण्यास संकोचू नका. आपल्याकडे गावच्या नळापासून मुलीच्या लग्नपत्रिकेपर्यंत सगळे आमदाराकडे नेण्याची सवय असते, इथे कामाची वाटणी वेगळी आहे. राज्याच्या योजना, मोटार वाहन कार्यालय, राज्याचे कर हे त्यांच्याकडे. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि पासपोर्ट यांसाठी वॉशिंग्टनला निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे कार्यालय गाठावे लागते. न्यू जर्सीच्या ४० मतदारसंघांत प्रत्येकी एक राज्य सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतात, त्यामुळे एका कार्यालयाने दाद दिली नाही तर आणखी दोन दारे असतात.

डेक्कनचा

एक गोष्ट राहून जाते. वडिलांचे नाव पुण्याच्या मतदार यादीत अजून असेल तर नमुना ७ भरून ते वगळण्याची विनंती करावी. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपते आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी मताचा हक्क राहत नाही. उन्हाळ्यात पुण्याला गेलो, यादीत नाव दिसले, म्हणून मत देऊन आलो, असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. तो गुन्हा आहे. उलट बाजूनेही तेच : घरात कोणी अजून ग्रीन कार्डावर असेल तर मोटार वाहन कार्यालयात परवान्याचे काम करताना मतदार नोंदणीच्या प्रश्नाला नीट वाचूनच उत्तर द्यावे. नागरिक नसताना मत दिले तर देशाबाहेर जाण्याची पाळी येऊ शकते.

मेट्रोपार्कचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याच्या यादीचे खरोखरच लक्षात नव्हते. टपाली मतदान बंद करण्याचा अर्ज वडिलांनी आज भरला, पण त्यावर सही मराठीत केली. नोंदणीच्या अर्जावर इंग्रजीत केली होती की मराठीत, हे त्यांना आता आठवत नाही. याने काही अडेल का?

सहाच्या आधी हजर

सही कोणत्याही लिपीत चालते, पण ती नोंदणीवरच्या सहीशी ताडून पाहिली जाते. केंद्रावर आमच्यासमोरच्या पडद्यावर तीच जुनी सही येते आणि मतदाराने पुन्हा सही करायची असते. काउंटीला फोन करून नोंदणी अर्जावरची सही कशी आहे ते विचारा. ती इंग्रजी निघाली आणि यापुढे मराठीतच करायची असेल, तर नव्या सहीने नोंदणी अर्ज पुन्हा भरून द्या. माझ्या वडिलांनी तेच केले. त्यांचा ‘ळ’ आता यंत्रातही दिसतो.