'मुकाट्याने' आणि 'मूक संमती' : फरक कुठे पडतो?

गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या बोलणीत बसले होते. "मुलगी काही बोलली नाही, म्हणजे तिची मूक संमतीच," असं वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं. शेजारच्या काकूंनी कौतुकानं भर घातली, "गरीब गाय आहे हो!" दोन्ही वाक्यं मनात सलत राहिली. 'मौनं सम्मतिलक्षणम्' आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्याच 'मुक्या'पासून मराठीत 'मुकाट्याने' आलंय आणि त्यात संमतीचा लवलेश नाही. मुकाट्याने सोसणं, मुकाट्याने गिळणं, "मुकाट्याने चल!" मग गप्प राहिलेली मुलगी 'मुकाट' का नाही, 'मूक संमती देणारी' का? यावर तिघांच्या प्रतिक्रिया आल्या, त्या खाली देते; शेवटचा मुद्दा माझा.

• हा फरक कोर्टालासुद्धा समजावून सांगावा लागला होता. 1972 मध्ये महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर लैंगिक अत्याचार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झालाच नाही, असा अर्थ काढला गेला. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा शब्दार्थाचाच होता : शरण जाणं म्हणजे संमती देणं नव्हे. म्हणजे तुमचं 'मुकाट्याने'च. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं जायला 2013 उजाडलं.

• मला 'गरीब गाय'बद्दल बोलायचंय. घरी गोठा होता, म्हणून सांगते, गाय मुकी नसते. माजावर आली, म्हणजे तिला वळू हवा असला, की हंबरते, दुसऱ्या गाईंवर उड्या टाकते आणि वळू आला की स्थिर उभी राहते. माज नसेल तर पुढे सरकते, लाथ झाडते. तिला खोड्यात अडकवलं की तीही निमूट उभी राहते, पण ते उभं राहणं वेगळं. गुराख्याच्या पोरालाही तो फरक कळतो. जनावराचं अंग वाचता येणाऱ्या समाजाला बाईचा आखडलेला खांदा वाचता येत नाही, हे मला पटत नाही. वाचायचं नसतं. 'मुकं जनावर' हा शब्दही त्याच सोयीचा. स्पेनमध्ये 2022 च्या जानेवारीपासून दिवाणी कायद्यानं जनावरांना 'वस्तू'तून काढून 'संवेदनशील जीव' म्हटलं. त्याच वर्षी तिथे लैंगिक संमतीचा नवा कायदा आला, त्याला लोक 'फक्त हो म्हणजेच हो' म्हणतात.

• यात 'भीड' राहिली. मोठ्यानं दटावलं नाही, हात धरला नाही, नुसती गळ घातली, "आमच्या शब्दाला मान नाही का?" म्हटलं आणि ती भिडेखातर 'हो' म्हणाली. हे मौन नाही, पण संमतीही नाही. आणि 'नाही' म्हणाली तर आपण त्याला 'आढेवेढे' म्हणतो. माझ्या मते या एका शब्दानं बायकांचे सगळ्यात जास्त नकार गिळले आहेत.

• 'आढेवेढे' लक्षात आलं नव्हतं. काल त्या मुलीला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं, मग बोलणार कशावर?"