मदत हवी आहे: एक्स्पोर्ट ऑडिटच्या आधी लाइन सुधारायची आहे

कोंढाळीकर: नागपूरजवळच्या एका एक्स्प्लोझिव्ह कारखान्यात क्वालिटीला आहे. युरोपच्या पार्टीचं ऑडिट पुढच्या महिन्यात. साहेबांचा हुकूम: आउटपुट वाढवा, रिजेक्शन कमी करा, ग्लोबल स्टँडर्डला आणा. आयएसओ 9001 हे क्वालिटीचं सर्टिफिकेट आहेच. अजून काय लागतं? लवकर सांगा.

वऱ्हाडी ठेचा: माल कोणता भाऊ? डेटोनेटर, कार्ट्रिज, की बल्क? रिजेक्शन कशात?

लीनकाका: 5एसपासून, म्हणजे कामाची जागा नीट लावण्यापासून, सुरुवात करा. चाकणला आम्ही सायकल टाइम निम्म्यावर आणला. आउटपुटचा आकडा तासातासाला फळ्यावर लिहा.

खाणवाला: काका, इथे चाकण चालत नाही. एका इमारतीत माणसं किती, माल किती, ते ठरलेलं असतं, दारावर पाटी असते. तुम्ही वेग वाढवला की माल पुढच्या इमारतीत तुंबणार. मग ऑडिट राहू द्या, पेसोच, म्हणजे स्फोटकांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, दारात येईल.

लीनकाका: मधला साठा कमी ठेवणं म्हणजेच लीन, वाया जाणं कमी करायची पद्धत, हो!

खाणवाला: ते मान्य. पण आकड्याचा फळा नको. शिफ्ट सुटायच्या वेळी त्या आकड्यापायी घाई होते. डिसेंबर 2023 ला नागपूरजवळच्या बाजारगावात स्फोटकांच्या कारखान्यात पॅकिंगच्या इमारतीत स्फोट होऊन नऊ जण गेले, त्यात सहा बाया. कारण काय होतं यावर मी बोलत नाही, पण आमच्या धंद्यात घाईला जागा नाही.

कोंढाळीकर: इमल्शन कार्ट्रिज, म्हणजे घट्ट मलमासारखं स्फोटक भरलेल्या नळ्या, 25 एमएम. वजन कमीजास्त, टोकाला लावलेल्या क्लिपपाशी गळती. खोक्यांचे कोपरे तेलकट होतात.

डेटा_ताई: इलेक्ट्रिक डेटोनेटर 1 एप्रिल 2025 पासून बंद झालेत, ते लक्षात ठेवा.

वऱ्हाडी ठेचा: ताई, ते कार्ट्रिज म्हणताहेत. कोंढाळीकर, रिजेक्शन दिवसभर सारखं असतं का?

कोंढाळीकर: सकाळी जास्त, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर.

वऱ्हाडी ठेचा: मग उत्तर तिथंच आहे. लाइन थांबली की पाइपातलं इमल्शन थंड होऊन घट्ट होतं, सेटिंग तेच राहतं आणि वजन हलतं. दिवसाची बेरीज साहेबांना द्या, स्वतःसाठी तासवार आणि मशीनवार मांडा. क्लिपरची, म्हणजे क्लिप दाबणाऱ्या मशीनची, डाय (साचा) झिजली आहे का तेही पाहा. गळकं कार्ट्रिज दोन बोटांत धरून क्लिप फिरवली तर फिरते का? फिरली तर ती सैल बसतेय.

ओस्लोकर: एकट्या 9001 वर युरोपात माल विकता येत नाही. सीई मार्क, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो अशी खूण, लागतो, युरोपच्या 2014/28/ईयू या कायद्याखाली. नोटिफाइड बॉडीकडून (युरोपात नेमलेली तपासणी संस्था) टाइप तपासणी, म्हणजे नमुन्याची तपासणी, वर उत्पादनावर देखरेख. चाचण्या ईएन 13631 या युरोपीय स्टँडर्डच्या. शिवाय 2008/43/ईसी प्रमाणे प्रत्येक कार्ट्रिजवर वेगळा ओळख क्रमांक आणि त्याची नोंद 10 वर्षं. महिन्याभरात होणारं काम नाही हे. ऑडिट पार्टीचं आहे की नोटिफाइड बॉडीचं?

लक्ष्मीतोटा: फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानाचं लायसन्स पेसोकडून मिळतं का?

खाणवाला: कलेक्टर ऑफिसात जा. आणि वेगळा धागा काढा.

लीनकाका: ट्रेनिंगवर कोणी बोलेना. पॅकिंगला कंत्राटी माणसं दर महिन्याला बदलत असतील तर डाय बदलून काय होणार?

खाणवाला: आज पहिल्यांदा काकांशी सहमत.

कोंढाळीकर: पार्टीचंच ऑडिट आहे. सीईचं साहेबांना आजच सांगतो, चिडणार आहेत. क्लिप फिरवून पाहिली, तीन नंबर मशीनची फिरते. तुमच्याकडे डाय झिजल्यावर बदलता की ठरावीक कार्ट्रिजांनंतर?